शिसोबांच्या विटा

माझे बाबा बढाया मारायचे. गल्लीत कुणाचा नळ गळायला लागला की त्यांना बोलावणं यायचं, आणि नळ दुरुस्त होईपर्यंत त्या घरातल्या माणसांना बाबांचं कौतुक बाबांच्याच तोंडून ऐकावं लागायचं. "हा सांधा बघून ठेवा. तुमचा नातू म्हातारा होईल, पण यातून थेंब सुटायचा नाही." माणसं मान डोलवायची, कारण ते खरं असायचं. पंचाईत होती ती तिथेच. नुसता बोलघेवडा माणूस असता तर लोकांनी त्याला केव्हाच उडवून लावलं असतं. बाबांना उडवून लावता येत नसे, त्यामुळे ऐकून घ्यावं लागे.

त्यांचं काम शिशाचं. शिशाच्या नळ्या घालायच्या, त्या जोडायच्या, जुन्या इमारतींच्या छपरांवर शिशाचे पत्रे बसवायचे. गल्लीनं त्यांना शिसोबा म्हणायला सुरुवात केली आणि त्यांनी ते नाव एखाद्या पदवीसारखं मिरवलं. माझं लहानपण त्यांच्या फडक्याच्या वासात गेलं. दोन नळ्यांच्या सांध्यावर डाख ओतायचा, म्हणजे शिसं आणि कथील यांचं वितळलेलं मिश्रण, आणि तो निवायच्या आत तेलकट जाड फडक्यानं असा पुसून घ्यायचा की सांधा कुठे आहे ते बोटालाही कळू नये. बाबांचा पुसलेला सांधा मी डोळे मिटून ओळखायचे. एका कडेला हलकीशी शेपटी राहायची, फडकं उचलताना.

मग शिशाच्या नळीतलं पाणी पिऊ नये असं ठरलं. ठरलं ते बरोबरच होतं. पण ज्या नळ्या बाबांनी घातल्या होत्या त्या उपटायचं कामही बाबांनाच मिळालं. दिवसभर स्वतःचं काम स्वतःच्या हातांनी उखडून ते घरी यायचे आणि जेवताना एक शब्द बोलायचे नाहीत. त्याच सुमारास गावातल्या जुन्या पाणीमनोऱ्याच्या घुमटावरचे शिशाचे पत्रे उतरवून तिथे ॲल्युमिनियम घातलं गेलं. भंगारात निघालेले ते पत्रे बाबांनी मागून घेतले, गुंडाळ्या करून हातगाडीवरून आणले आणि परसातल्या शेडमध्ये रचून ठेवले.

"हे कशाला?" आईनं विचारलं.

"तीनशे वर्षांचं शिसं आहे. असं शिसं आता होणे नाही."

"मग मी सरपण कुठे ठेवू? डोक्यावर?"

सरपण बाहेर गेलं आणि शिसं आत राहिलं. आई पुढची कित्येक वर्षं त्या ढिगाला "माझी सवत" म्हणत असे.

मी शिकले, रसायनशास्त्र घेतलं, आणि नोकरीला लागले ती डोंगराच्या पोटात.

तिथे पूर्वी खाण होती. आत जाणारी आडवी सुरंग तेवढी उरली होती. तिच्यातून बरंच आत गेलं की खडकात कोरलेली एक खोली लागायची. पांढऱ्या भिंती, राखाडी फरशी, कायम सारखीच गार हवा. आम्ही तिथे अत्यंत थोडी किरणोत्सारिता मोजायचो. पावसाचं पाणी आटवून उरलेला साका, नदीचा गाळ, दुधाची भुकटी, डोंगरमाथ्यावरचं शेवाळ, हवा गाळलेले कागद. ज्यात असून नसल्यासारखं असतं, ते नेमकं किती आहे हे सांगायचं, एवढंच आमचं काम.

लोकांना वाटायचं, किरणोत्सारिता म्हणजे काहीतरी भयंकर, कुंपणाआड ठेवलेलं. खरं तर ती सगळीकडे थोडी थोडी असते. भिंतीत असते, मिठात असते, काचेत असते, आपल्या हाडांत आणि घामात असते. आकाशातूनही किरण सतत पडत असतात. या सगळ्या गोंगाटात शेवाळातली कुजबुज ऐकायची कशी? म्हणून डोंगर डोक्यावर घ्यायचा, म्हणजे आकाशातले किरण वरच अडतात. मग मुठीएवढा एक जर्मेनियमचा स्फटिक द्रव नायट्रोजननं गार ठेवायचा, त्याच्याभोवती शिशाच्या विटांची पेटी बांधायची आणि पेटीच्या आत नमुना ठेवायचा. स्फटिक ऐकत राहतो. आम्ही वाट बघत राहतो.

आणि कुठल्याही नमुन्याआधी रिकामी पेटी मोजायची. आत काहीही न ठेवता, कित्येक आठवडे. रिकाम्या पेटीतून जेवढं ऐकू येतं त्याच्यापेक्षा हळू बोलणारी वस्तू तुम्हाला कधीच कळणार नाही. त्यामुळे आमची सगळी इभ्रत त्या रिकाम्या मापावर. इतर लोक काय मोजलं ते सांगतात, आम्ही आमची पेटी किती गप्प आहे ते सांगायचो.

आमचे प्रमुख स्वतःही तसेच होते. दिवसातून चार वाक्यं बोलले तर खूप. त्यांना आम्ही पाठीमागे मुनिवर म्हणायचो. तिसरी होती यंत्रांच्या जोडण्या सांभाळणारी वायरवाली. ती एकटी मुनिवरांच्या वाट्याचंही बोलायची. एवढीच आमची खोली.

एकदा मुनिवरांनी आम्हाला समोर बसवलं आणि म्हणाले, "पेटी गप्प नाही. शिसंच बोलतंय."

हे आम्हाला ठाऊक होतं. शिसं खाणीतून काढून वितळवतात तेव्हा त्याच्यात त्याचाच एक किरणोत्सारी भाऊबंद मिसळलेला राहतो. रसायनानं तो वेगळा काढता येत नाही, कारण तोही शिसंच. तो फक्त काळानं जातो. दर बावीस वर्षांनी निम्मा होतो. आमच्या विटा नव्या होत्या, त्यामुळे तो त्यांच्यात भरपूर होता.

"जुनं शिसं हवं," मुनिवर म्हणाले. "दोनशे वर्षांच्या वरचं. शोधा."

माझ्या तोंडून निघून गेलं, "माझ्या बाबांकडे आहे."

"किती जुनं?"

"बाबा तीनशे म्हणतात. तुम्ही अडीचशे धरा."

वायरवाली फिसकन हसली. मुनिवर हसले नाहीत. त्यांनी एक तुकडा आणायला सांगितला. आम्ही तो मोजला, पुन्हा मोजला. त्या तुकड्यातून आम्हाला ऐकू येईल असं काहीच येत नव्हतं. मुनिवरांनी खुर्ची मागे सरकवली आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच ते शिसं होते.

मग ते आमच्या घरी आले. बाबांनी त्यांना शेड दाखवली, घुमटाचा इतिहास सांगितला, स्वतःचा इतिहास सांगितला. चहा दोनदा निवला. शेवटी मुनिवर म्हणाले, आणि त्यांच्या मानानं ते भाषणच होतं, "विटा तुम्हीच ओतायच्या. नवा साचा, नवी पळी. पत्र्यांचा वरचा थर खरवडून टाका, पावसानं त्यावर नवी घाण बसवलेली असते. आणि शिशात काहीही मिसळू नका."

"मिसळायला हे दूध आहे का साहेब?" बाबा म्हणाले.

त्यानंतरचे दिवस आमच्या परसात भट्टी धडधडत होती. बाबा नाकाला फडकं बांधून पत्रे खरवडायचे, वितळवायचे, वर तरंगणारी मळी पळीनं काढून टाकायचे, साच्यात ओतायचे. फडक्याआडूनसुद्धा बोलायचे. न्हावी, शिंपी, दूधवाली, सगळ्यांना सांगून झालं की शिसोबाच्या विटा डोंगरात चालल्यात आणि त्यांच्यावाचून तिथल्या शास्त्रज्ञांचं पान हलत नाही. विटा तयार झाल्या तेव्हा मी पाहतच राहिले. कडा सुरीसारख्या, बाजू काचेसारख्या. एकीवर खळगा नाही, सुरकुती नाही. वायरवालीनं पहिली वीट उचलली आणि म्हणाली, "अगं, ही पेटीत काय घालतेस? दिवाणखान्यात ठेव!"

आम्ही पेटी बांधली. आतला थर सगळा बाबांचा, बाहेरचे थर जुन्याच विटांचे. झाकण लावलं आणि रिकामं माप सुरू केलं.

माप खराब आलं.

पूर्वीपेक्षा बरं, पण हवं होतं त्याच्या जवळपासही नाही. आलेखाच्या डाव्या बाजूला, जिथे सपाट जमीन असायला हवी, तिथे उंचवटा होता आणि त्याच्या कडेला एक बारीक टोक. ते टोक त्या भाऊबंदाचंच. दुसऱ्या कुणाचं असूच शकत नव्हतं.

मी आधी बाकीच्या शक्यता बघितल्या. खडकातून झिरपणारा रेडॉन वायू पेटीत शिरतो, म्हणून नायट्रोजनची वाफ आत सोडून हवा हाकलली. स्फटिकाची बैठक धुतली. वायरवालीनं सगळ्या जोडण्या उलगडून पुन्हा बांधल्या आणि प्रत्येक वायरीला एकेक शिवी दिली. टोक हललं नाही. मुनिवर म्हणाले, "विटा काढा. थोड्या थोड्या मोजा."

मोजत गेलो तसं चमत्कारिक चित्र दिसायला लागलं. काही विटा अगदी गप्प होत्या. काही बोलत होत्या. सगळ्या एकाच छपराच्या, एकाच भट्टीतल्या, एकाच हातच्या.

मी एक गप्प वीट आणि एक बोलकी वीट बाहेर सुरंगेत आणली. आत हातमोजे काढायची मनाई होती, घामाचा डागसुद्धा स्फटिकाला ऐकू जातो. सुरंगेतल्या दिव्याखाली मी हातमोजा काढला आणि दोन्ही विटांवरून अंगठ्याचं नख ओढलं. शिसं मऊ असतं, नख उमटतं. गप्प विटेवर ते सगळीकडे उमटलं. बोलक्या विटेवर मध्येच एका जागी घसरलं. तिथे धातू कडक होता. मी बोट फिरवलं, आणि त्या जागेच्या कडेला मला ती हलकीशी शेपटी लागली. फडकं उचलताना राहिलेली.

मी तिथेच दगडावर बसले. काय झालं ते सगळं मला एका क्षणात दिसलं. शिसं निवताना आकसतं आणि विटेवर खळगे पडतात. खळगा पडलेली वीट बाबा कशी देतील?

मुनिवरांना मी लगेच सांगितलं. त्यांनी दोन्ही विटांवरून स्वतःचं नख ओढून बघितलं. मग म्हणाले, "त्यांना पेटी बघायला बोलावणार होतो आपण. बोलवा."

"आता?"

"त्यांच्या विटा आहेत. त्यांना कळायला हवं."

बाबा आले ते ठेवणीतला कोट घालून. दारात तो काढावा लागला. पांढरा अंगरखा, टोपी, पायांत पिशव्या. घड्याळही काढून घेतलं, कारण त्याच्या काट्यांना अंधारात चमकणारा हिरवा रंग होता. "लग्नातसुद्धा माझा एवढा शृंगार झाला नव्हता," ते वायरवालीला म्हणाले, आणि ती खिदळली. मला वाटलं, आता इथेच पाऊस पडावा, डोंगर पडावा, काहीही पडावं.

पेटी उघडी होती. विटा टेबलावर मांडलेल्या होत्या. बाबांनी त्यांच्याकडे असं बघितलं, जणू शाळेच्या बक्षीस समारंभात आपली मुलं रांगेत उभी आहेत.

"विटा सुबक आहेत," मुनिवर म्हणाले.

"सुबक? साहेब, आरसा आहे आरसा! दाढी करून घ्या."

"निवताना खळगे पडत नाहीत का?"

"पडत नाहीत कसे? पडतातच. दुसरा कुणी असता तर तशाच दिल्या असत्या खड्ड्यांच्या विटा. मी एकेक खळगा डाखानं भरला, फडक्यानं पुसला, वर घासून घेतला. सांगा बरं कुठे भरलंय? सांगा! डोळे फाडून बघितलंत तरी दिसायचं नाही."

वायरवालीनं खोकल्याचं नाटक केलं. मुनिवर फरशीकडे बघत होते.

"काय झालं?" बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "कुणी गेलंय का?"

"बाबा, डाख कुठला होता?"

"उत्तम होता. दुकानातला. अगदी ताजा."

"ताजाच नडला, बाबा." आणि मी त्यांना सांगितलं. डाखातलं शिसं नवं असतं, नव्या शिशात तो भाऊबंद असतो, आणि आतल्या बाजूला नखाएवढा डाख असला तरी स्फटिकाला तो कानाशी बोलल्यासारखा ऐकू येतो. मी आलेखावरचं टोक दाखवलं.

ते आलेखाकडे बघत राहिले. मग एक वीट उचलून उलटीसुलटी केली.

"म्हणजे शिसं चांगलं होतं," ते म्हणाले, "आणि हात वाईट लागला."

"हात वाईट नाही," मुनिवर म्हणाले. "डाख नवा आहे."

"एकच ते." बाबांनी वीट खाली ठेवली. "माझ्या विटा मला परत द्या."

विटा परत आल्या. बाबांबरोबर मी डोंगरातून निघताना मुनिवर मला बाजूला घेऊन म्हणाले होते, "ते ओतणार नसतील तर दुसरीकडे शोधावं लागेल. पण एवढं स्वच्छ शिसं मला पुन्हा मिळेल असं वाटत नाही."

परसात विटांचा ढीग ताडपत्रीखाली पडून राहिला. बाबा त्याच्याकडे बघायचे नाहीत. न्हाव्यानं कुंपणावरून विचारलं, "काय शिसोबा, विटा डोंगरातून परत कशा?"

"माहेरपणाला आल्यात," बाबा म्हणाले आणि आत निघून गेले. हे त्या आठवड्यातलं त्यांचं सगळ्यात लांब वाक्य. घरात इतकी शांतता पसरली की आईला करमेना. ती भांडी मुद्दाम आपटायला लागली.

"काढून टाका तो डाख आणि ओता पुन्हा," ती एकदा म्हणालीच. "राहिले खड्डे तर राहू देत. त्या डोंगरात कोण बघायला येतंय?"

"मी बघितलेले असतील ना!" बाबा ओरडले. "खड्ड्यांची वीट मी ओतणार नाही. एवढं सांगून ठेवतो."

आई माझ्याकडे वळली. "तू तरी सांग गं त्यांना. खड्डे चालतात ना तुम्हाला?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण त्या खोलीत काम केलं की खोटं बोलायची सवय जाते. "पूर्ण नाही चालत," मी म्हणाले. "खळग्यात हवा साठते. त्या हवेत रेडॉन असतो, तोही बोलतो. लहानसहान खळगे चालवून घेऊ, पण नसलेले बरे."

आईनं कपाळावर हात मारला. बाबांनी मात्र मान वर केली.

"म्हणजे डाखही नको आणि खड्डाही नको?"

"हो."

"नुसतं शिसं. आणि अखंड."

"हो बाबा."

"मग हे आधी बोलायला तुझी जीभ झिजत होती का?" ते उठलेच. "मला वाटलं, तुमच्या त्या साहेबाला आता कसलीही, कुणीही ओतलेली, गचाळ वीट चालणार आहे. कसलीही चालत असेल तर माझ्याकडे कशाला यायचं? पण त्याला हवंय ते अवघड आहे. कुणालाही जमायचं नाही."

"आली गाडी रुळावर," आई माझ्या कानात म्हणाली आणि भांडी आपटायची थांबली.

त्यांनी विटांमधला डाख छिन्नीनं काढला, आजूबाजूचं बोटभर चांगलं शिसंही काढून टाकलं. मग ओतायला सुरुवात केली. या वेळी घाई नाही. साचा आधी तापवायचा. ओतल्यावर खालून ओलं गोणपाट लावायचं म्हणजे वीट बुडापासून निवत येते, आणि वरचं तोंड ज्योतीनं पातळ ठेवायचं. खालचं शिसं आकसलं की वरचं खाली उतरतं, मग त्याच शिशाची आणखी एक पळी. बाबा साच्यावर वाकून बसायचे, तापलेल्या लेकराच्या कपाळाशी बसावं तसे. पहिल्या विटा फसल्या. त्यांनी त्या पुन्हा वितळवल्या. नंतरच्या अखंड निघाल्या, पण दिसायला कशा? राखाडी, निस्तेज, कातडीवर लाटा. वरच्या तोंडावर एक उथळ खोलगटपणा राहायचाच, तो जाईना.

एका दुपारी मी पाहिलं, बाबा नव्या विटेसमोर उभे होते आणि त्यांचा हात आपोआप फडक्याकडे जात होता. तो हात त्यांनी मागे घेतला. मग डाखाच्या सगळ्या कांड्या, फडकं आणि तेलाची बाटली एका पेटीत भरून ते स्वयंपाकघरात गेले.

"हे कपाटात ठेव आणि कुलूप लाव," ते आईला म्हणाले. "किल्ली तुझ्याकडे. मी मागितली तरी देऊ नकोस."

आईनं चेष्टा केली नाही. कपाट उघडलं, पेटी ठेवली, कुलूप लावलं. आयुष्यभर त्यांना टोमणे मारणारी माझी आई तेव्हा नुसती त्यांच्याकडे बघत राहिली. मला वाटतं, बाबांचा मला सगळ्यात जास्त अभिमान वाटला तो त्या कपाटापाशी. एवढ्या वर्षांची कला त्यांनी कुलपात घातली, आणि तरी काम त्यांचंच होतं.

छिन्नीनं काढलेलं शिसं वाया गेल्यानं विटा कमी पडल्या. बाबांनी सगळी शेड धुंडाळली. शेवटी ते परसातल्या पाण्याच्या पिंपाशी जाऊन उभे राहिले. पिंप डगमगू नये म्हणून त्याच्याखाली घुमटाच्या पत्र्याची एक जाड घडी घातली होती.

"पिंप पडेल," आई म्हणाली.

"दगड लावतो."

"तोच आधी लावायचा होतात!"

त्या घडीतून उरलेल्या विटा झाल्या. एकच जुनी वीट त्यांनी मोडली नाही. डाखानं भरलेली, आरशासारखी घासलेली एक वीट त्यांनी घरात ठेवून घेतली. आपल्याला काय येत होतं त्याची आठवण म्हणून. ती आमच्या पुढच्या दाराला अडणी झाली.

विटा डोंगरात पोचवताना त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं. "हे खोलगट तोंड बाहेरच्या बाजूला. आणि त्याच्यापुढे तुमच्या दुसऱ्या विटा लगेच लाव. कुणाला दिसता कामा नये."

पेटी पुन्हा बांधली. रिकामं माप पुन्हा सुरू केलं. वायरवाली मापाच्या काळात नेहमी गुणगुणायची, या वेळी तीही गप्प होती. घरी बाबा रोज विचारायचे, "काय म्हणतेय पेटी?" मी म्हणायचे, "अजून ऐकतोय." मग ते हळू आवाजात बोलायचे, जणू डोंगरातल्या स्फटिकाला ऐकू जाईल.

माप पूर्ण झालं त्या सकाळी आम्ही तिघं आलेखासमोर उभे होतो. डावीकडची जमीन सपाट होती. टोक नव्हतं. मुनिवरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, "शांत आहे." वायरवालीनं मला अशी मिठी मारली की माझी टोपी पडली.

मला वाटलं होतं, बाबांना सांगायला मी पळत घरी जाईन. पण मुनिवर म्हणाले, "मी येतो." ते आले, आमच्या पुढच्या खोलीत अवघडून बसले आणि बाबांना म्हणाले, "तुमच्या विटांमधून काही येत नाही."

"काहीच नाही?"

"आम्हाला मोजता येईल असं काही नाही. इतकी शांत पेटी मी पाहिलेली नाही."

बाबांनी मान खाली घातली. मला वाटलं, आता सुरू होणार. पण त्यांनी नुसते दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. मग आईला म्हणाले, "अगं, साहेबांना गरम चहा दे. मागच्या वेळी माझ्यामुळे निवला होता."

अर्थात दुसऱ्या दिवशी गल्लीत सुरू झालंच.

"माझ्या विटेतून काहीच येत नाही!" बाबा न्हाव्याच्या दुकानात सांगत होते.

"मग त्यात कौतुक काय?" न्हावी म्हणाला.

"अरे, तुझ्या कातरीतून येतं. तुझ्या आरशातून येतं. तुझ्या या रिकाम्या डोक्यातूनसुद्धा येतं. माझ्या विटेतून येत नाही!"

काहीही नसण्याची बढाई मारणारा माणूस न्हाव्यानं आयुष्यात पहिल्यांदाच पाहिला होता.

त्या पेटीवर मी माझी सगळी नोकरी केली. ज्यांना आपल्या नमुन्यातलं ऐकू यायचं नाही ते आमच्याकडे पाठवायला लागले. दूरदूरच्या पावसाचा साका, समुद्रतळाचा गाळ, बर्फाच्या पोटातून काढलेलं पाणी. आम्ही सांगायचो, इतकं आहे, किंवा याच्यापेक्षा जास्त नाही. आमचा शब्द चालायचा. का चालायचा ते पेटीकडे बघून कळत नसे, कारण बाबांच्या विटा बाहेरच्या थराआड होत्या, खोलगट तोंड लपवून. लोक यंत्राचे फोटो काढायचे. मी दर वेळी सांगायचे, "आतला थर माझ्या वडिलांनी ओतलाय." हो, मलाही बढाया मारता येतात. रक्त कुठे जाईल?

बाबा गेले, आई गेली. मुनिवरही गेले, कुणाला फार काही न सांगता, त्यांच्या रीतीनं. वायरवाली अजून फोन करते आणि तासभर सोडत नाही. स्फटिक दोनदा बदलला, पेटी एकदा उलगडून मोठी केली. विटा त्याच आहेत. आता त्या खोलीत माझी नात काम करते. ती आली की पायानं अडणी सरकवते आणि दार उघडं ठेवते. मागच्या खेपेला ती सरकवता सरकवता थांबली.

"आजी, ही मी घेऊन जाऊ? मोजून बघते."

"कशाला? ती पास होणार नाही."

"बघू तर. नव्या पेटीला शिसं हवंय."

मी दिली. दाराला दगड लावला. काही आठवड्यांनी ती परत आली, पिशवीत वीट घेऊन, गालातल्या गालात हसत.

"आजी, पणजोबा अजून बडबडतात."

"फार?"

"फार नाही. तू तेव्हा मोजलं होतंस ना, त्याच्या पावपट उरलंय. डाख म्हातारा झालाय. आणखी काही पिढ्या वाट बघितली तर हीसुद्धा पेटीत जाईल."

"डाख छिन्नीनं काढून टाकलास तर आत्ताच जाईल."

तिनं विटेवरून अंगठा फिरवला. शोधत होती. मी तिचं बोट धरलं आणि कडेच्या त्या शेपटीवर ठेवलं.

"नाही काढत," नात म्हणाली. "होईल गप्प हळूहळू."

मग तिनं दगड बाजूला केला आणि वीट दाराशी ठेवली. घासलेली बाजू रस्त्याकडे केली, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी.